हो म्हणतं, आणि करत नाही

गेल्या दोन-तीन वर्षांत मोबाइल अ‍ॅप बनवणारी बरीच मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. शब्द वेगवेगळे, तक्रार एकच: “इतकी वर्षं हेच काम करतोय, तरी दरवर्षी नवखाच ठरतो. मला काही येतच नाही असं वाटायला लागलंय.” झोप उडालेली, घरात चिडचिड, आणि हे क्षेत्र सोडावं का हा प्रश्न. त्यांतल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, सांगते.

वय 34, अँड्रॉइडवर दहा-अकरा वर्षं काम. औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं अ‍ॅप तो सांभाळत होता. एका बाईंनी अभिप्रायात लिहिलं होतं: गजर वाजला नाही, आईची रात्रीची गोळी चुकली. ते वाक्य त्याला पाठ झालं होतं. पहिल्या दोन भेटींना आला, मग “हो, येतो” म्हणून दोनदा आलाच नाही.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेने जाणारी. म्हणून आधी त्याच्या बोलण्यातला ‘च’ शोधला. ‘एकदा शिकलेलं कायम चाललंच पाहिजे’ हा हट्ट सापडला, त्यालाही पटला. पण झोप काही आली नाही. मग मी म्हटलं, “मला प्रोग्रॅमिंग येत नाही. गजर लावायचा म्हणजे तुम्ही काय करता, ते घरातल्या आजीला सांगाल तसं सांगा.”

तो सावरून बसला. “फोनला सांगायचं, नऊ वाजता मला उठव. पूर्वी तो नऊलाच उठवायचा. 2013 मध्ये अँड्रॉइडची 4.4 ही आवृत्ती आली. आज्ञेचं नाव तेच राहिलं, अर्थ बदलला: नऊच्या आसपास, बॅटरी सांभाळून. नेमकी वेळ हवी तर नवी आज्ञा. 2015 मध्ये 6.0 आली, तसा नुसता पडून असलेला फोन गाढ झोपायला लागला आणि ती नवी आज्ञाही ताटकळायला लागली. मग तिसरी. आवृत्ती 12 मध्ये त्यावर परवानगीची अट आली. आवृत्ती 14 मध्ये नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅपना ती आपोआप मिळेनाशी झाली.”

“यातलं सगळ्यात जास्त काय लागलं? परवानगीचं?”

“छे. परवानगी नसली तर अ‍ॅप धाडकन बंद पडतं. चूक समोर दिसते, मी दुरुस्त करतो. त्रास वेगळाच आहे, मॅडम. काही फोनांवर बनवणाऱ्यांनी बॅटरी वाचवायची स्वतःची व्यवस्था घातलेली असते. गजर लावताना फोन ‘हो’ म्हणतो. मग कुणी अ‍ॅप उघड्या अ‍ॅपच्या यादीतून सरकवून काढलं, की लावलेले सगळे गजर गुपचूप रद्द. मला कळतही नाही. हो म्हणतं, आणि करत नाही.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मी फार वर्षांनी शिकले आहे. त्याची नजर टेबलावरच्या माझ्या डायरीवर गेली.

“मी पण तुमच्याशी दोनदा तेच केलं,” तो म्हणाला.

आणि मग ओघच सुटला. टीम लीड विचारायचे, सगळ्या फोनवर चालेल ना? हा म्हणायचा, होईल. होणार नाही हे पोटात ठाऊक असायचं. तिथून पुढची प्रत्येक रात्र त्या ‘होईल’वर पहारा देण्यात जायची. ज्याच्या वागण्यावर आपला ताबा नाही, त्याला हा जामीन राहिला होता. इतके दिवस मी बदलाच्या भीतीवर काम करत होते. खरी गाठ गिळलेल्या नकाराची होती. हे कळल्यावर अशा सगळ्यांशी मी वेगळं बोलू लागले.

घरच्यांना आधी सांगते, हा त्रास काल्पनिक नाही. आयफोनवर काम करणारी एक मुलगी सांगत होती, तिथेही एका अ‍ॅपच्या आधीच वेळ नेमून ठेवलेल्या सूचनांपैकी (नोटिफिकेशन) वेळेने जवळच्या 64 तेवढ्या धरल्या जातात, पुढच्या मुकाट गळतात. दुसरं, माहिती शिळी होणं आणि अक्कल कमी असणं यांत गल्लत करू नका. एका गजराचा दहा वर्षांचा इतिहास तोंडपाठ असलेला माणूस नवखा कसा? तिसरं, नवी आवृत्ती साधारण वर्षाला येतेच, आणि 2018 पासून प्ले स्टोअर अ‍ॅपला तिच्याशी जुळवून घ्यायला लावतं. जूनमध्ये पाऊस येतो म्हणून कोकणात मे महिन्यात घर शाकारतात. तसे या कामाचे दिवस वर्षाच्या अंदाजात आधीच मागून घ्या. आणि ‘नाही’ त्याच दिवशी, लेखी सांगा: या फोनांवर तपासलं आहे, त्या फोनांची हमी देता येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक झोप नसेल, जेवण जात नसेल, तर मात्र वाट न बघता मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

त्याने लीडशी तीनदा बोलून अ‍ॅपमध्ये एक पान घालून घेतलं: ‘या फोनवर बॅटरीची ही सेटिंग बदलली नाही, तर गजर वाजेलच असं आम्ही सांगू शकत नाही.’ त्या बाईंनाही त्याने कारण आणि माफी लिहिली. त्यांचं उत्तर आलं, ती सेटिंग आईच्या फोनवर कशी करायची, फोनवरून सांगाल का?

त्या दिवशी तो भेटीला अर्धा तास उशिरा आला. उशीर होईल हे त्याने सकाळीच कळवलं होतं.