तक्त्यावर ६/६, मग अंधारात भिंत का चाचपडायची?

बाबा सत्तरीचे, मोतीबिंदू काढून झालाय, नजर तपासायच्या तक्त्याची ६/६ची ओळ (म्हणजे नजर पूर्ण) वाचतात, डॉक्टर ‘डोळ्याचा पडदा वयाप्रमाणे नॉर्मल’ म्हणाले, तरी दिवा मालवला की भिंत चाचपडतात. मग चूक कोणाची, असं तुम्ही विचारलंय. कोणाचीच नाही.

तक्ता वाचला जातो तो पडद्याच्या अगदी मधल्या ठिपक्याने. तिथे शंकूपेशींची, म्हणजे उजेडात बारकावे आणि रंग पाहणाऱ्या पेशींची, दाटी असते आणि निरोगी म्हातारपणात त्या आश्चर्य वाटावं इतक्या टिकतात. झडतात त्या भोवतालच्या दंडपेशी, अंधुक उजेडात पाहणाऱ्या. दान केलेल्या डोळ्यांतल्या पेशी मोजल्या तेव्हा तिशी ते नव्वदीच्या दरम्यान त्या ठिपक्याभोवतालच्या मध्यभागातल्या साधारण ३० टक्के दंडपेशी कमी झालेल्या आढळल्या. तक्त्याला याचा पत्ताच लागत नाही.

पण खरी गोम मला पुरवठ्यात वाटते. प्रखर उजेडाने दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन, म्हणजे उजेड टिपणारं रंगद्रव्य, विरतं. ते पुन्हा भरायला ‘अ’ जीवनसत्त्व लागतं, आणि ते रक्तातून पडद्यापर्यंत यायचं तर पडद्यामागचा पातळ थर, ब्रुखचा पापुद्रा, ओलांडावा लागतो. वयाबरोबर तो जाड होतो, त्यात चरबी साचते. तरुण डोळ्यालाही अंधाराला पुरतं सरावायला अर्धा तास सहज लागतो. बाबांना त्याहून जास्त. त्यात बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही. रक्तात जीवनसत्त्व पुरेसं असेल तर गोळ्यांनी फारसा फरक पडेलच असं नाही, अडचण वाटेत आहे. रात्री उठल्यावर एकदम ट्यूबलाइट लावू नका, नाहीतर सरावलेला डोळा पुन्हा शून्यावर येतो. जमिनीलगत मंद दिवा ठेवा.

मी बरीच वर्षं पडद्याचे फोटो काढतोय. विशीतल्या पडद्यावर ओल्या रेशमासारखी चमक असते, मधोमध एक लखलखता टिंब. साठीनंतर ती चमक जाते आणि मुलं घाबरून विचारतात, “खराब झाला का?” नाही हो. चारदोन बारीक पिवळे कणही वयाचेच. ते मोठे दिसले तर मात्र ठरावीक काळाने तपासणी हवी.

सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, अचानक काळ्या ठिपक्यांचा थवा किंवा विजेसारख्या चमका दिसल्या, कडेने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि अंधारातला त्रास काही महिन्यांतच वाढला असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, पुन्हा दाखवा.