तस्करीच्या नोंदी नीट वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गुप्तवार्ता विश्लेषण विभागात रुजू झालास आणि आठवड्याभरातच कंटाळलास, असं लिहिलंयस. दिवसभर तस्करीच्या जुन्या नोंदी वाचायला लावतात म्हणे. मी असतो तर त्या आधी मागून घेतल्या असत्या.

शेखाडी हे रायगडच्या किनाऱ्यावरचं गाव. त्या पट्ट्यात चोरट्या मालाचं 'लँडिंग' व्हायचं. होडी कुणाची, माल उचलायला माणसं कुठली, टेम्पो कुठल्या नाक्यावरून सुटतो, ही सगळी घडी बसलेली होती. त्यात वर्दीतली माणसंही होती. फेब्रुवारी १९९३ मध्ये त्याच घडीतून आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. पंधरा वर्षांनी, २६/११ ला, 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून आलेले दहा जण रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. या वेळी समुद्रातून माणसंच आली.

इशारे नव्हते असं नाही. समुद्रमार्गाचा उल्लेख असलेले इशारे आधीच आले होते, हे २६/११ च्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीनं नोंदवलंय. इशारा कसा लिहिलाय यावर फार अवलंबून असतं. उमेदीच्या काळात मीही एका टिपणात 'शक्यता नाकारता येत नाही' असं ठोकून दिलं होतं. साहेबांनी समासात लिहून परत पाठवलं: 'मग उद्या सकाळी मी काय करू?' ते वाक्य पुन्हा कधी लिहिलं नाही. तूही लिहू नकोस.

आता ड्रोनकडे बघ. २०१९ मध्ये पंजाबात तरनतारनकडे सीमेपलीकडून ड्रोननं शस्त्रं टाकली गेली. पुढे हेरॉईनही येऊ लागलं. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटकं पडली. शेखाडीचीच गोष्ट, फक्त आकाशातली. माहिती एका जागी यावी म्हणून २६/११ नंतर मल्टी एजन्सी सेंटरला बळ दिलं गेलं, ते बरंच झालं. पण हेरॉईनची नोंद आणि तळाच्या सुरक्षेची फाइल शेजारी ठेवून वाचायला शेवटी एक डोकं लागतं.

मात्र काहीच दिसलं नाही तरी पंचाईत आणि सगळीकडे २६/११ दिसू लागलं तरी पंचाईत. २०११ मध्ये 'पवित' हे सोडून दिलेलं जहाज जुहूच्या वाळूत रुतेपर्यंत कुणाला दिसलं नाही. उलट ऑगस्ट २०२२ मध्ये रायगडात हरिहरेश्वरला बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७, आणि राज्यभर नाकाबंदी. ती निघाली मस्कतहून युरोपकडे जाताना इंजिन बंद पडल्यानं खलाशांनी सोडलेली. पोलीस धावले ते योग्यच. पण तू धावायचं नाहीस. बोट कुणाच्या नावावर आहे, कुठून वाहत आली असेल, ते शोधायचं. पावसाळ्यात त्या बाजूनं वाहत आलेलं काय काय कोकणाला लागतं, हे तिथला तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या, चहा पिता पिता सांगेल.

तुमच्या विभागात एखाद्या तांडेलाचा फोन नंबर कुणाकडे आहे का, ते उद्या विचारून मला कळव.

तुझा,
सर