नकाराच्या पत्रात नसलेले वाक्य

“त्यांनी मला नाकारलं, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार.” समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून हे वाक्य इतक्या जणांनी उच्चारले आहे की त्याचा पूर्वार्ध कानावर पडताच उत्तरार्ध मी मनातल्या मनात पूर्ण करते. कुणाचे हस्तलिखित साभार परत आलेले असते, कुणाच्या प्रेमाला नकार मिळालेला असतो, तर कुणाची जुनी मैत्री कारण न सांगता थांबलेली असते. प्रसंग वेगवेगळे, पण ‘म्हणजे’ या एका शब्दावरून घेतलेली उडी सगळ्यांची सारखीच. त्या उडीविषयी लिहिताना मला एका तरुणाची आठवण होते. त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील अर्थातच बदलले आहेत.

त्याने आठ महिन्यांत अकरा मुलाखती दिल्या होत्या आणि अकराही ठिकाणांहून नकार आला होता. बसता बसता त्याने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि तासभर त्याचा तळहात त्यावरच राहिला. शेवटच्या नकारानंतर त्याने अर्ज करणे सोडले होते. मित्रांचे फोनही तो घेत नव्हता, कारण “काय झालं रे त्या नोकरीचं?” या प्रश्नाची त्याला धास्ती वाटत होती.

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली, ती कबूल करायला हवी. अकरांपैकी सात ठिकाणी तो अखेरच्या फेरीपर्यंत पोहोचला होता, हे मी उत्साहाने त्याच्या लक्षात आणून दिले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “म्हणजे मॅडम, जितकं जवळून बघतात तितकं त्यांना कळतं.” इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही दिलासा देण्याची घाई मला आवरत नाही, आणि घाईने दिलेला दिलासा समोरचा माणूस स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून वापरतो, हे मी त्या दिवशी पुन्हा एकदा शिकले. त्याला दुखत होते आणि ते दुखणे खरे होते. मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, संगणकावरच्या चेंडूफेकीच्या साध्या खेळातून वगळले गेलेल्यांच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी संबंधित मानल्या जाणाऱ्या एका भागाची सक्रियता वाढलेली दिसली होती. या निष्कर्षाचा अर्थ कसा लावायचा यावर अभ्यासकांत वाद आहेत; तरीही “एवढं काय मनाला लावून घ्यायचं” हा सल्ला मी तरी कुणाला देणार नाही.

पुढच्या दोन भेटी मी प्रामुख्याने ऐकण्यात घालवल्या. चौथ्या भेटीत मी सहज विचारले, “शेवटच्या पत्रात काय लिहिलं होतं?”

“की तुम्ही आमच्या योग्यतेचे नाही.”

“मोठ्याने वाचून दाखवशील?”

त्याने पहिल्यांदाच मोबाईल सुलटा केला, पत्र शोधले आणि वाचले : “आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार. या पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे.” वाचून झाल्यावर त्याचा अंगठा पडद्यावर खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. सही आणि पदनाम यांच्याखाली काहीच नव्हते.

“योग्यतेचं वाक्य कुठे आहे?”

“इथे... नाहीये.”

“मग ते कुणी लिहिलं?”

तो बराच वेळ गप्प राहिला. अशी शांतता मोडायची नसते, हे शिकायला मला उमेदीची बरीच वर्षे लागली. त्या दिवशी मात्र मला ते साधले. “मीच,” तो अखेर म्हणाला, आणि थोडे थांबून, “बहुतेक अकराही पत्रांत.”

माझी वैचारिक जडणघडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत झाली, हे जाणकारांच्या एव्हाना लक्षात आले असेल. १९५५ पासून त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा, की घटना आणि भावना यांच्या मध्ये आपण घटनेला दिलेला अर्थ उभा असतो. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील वनस्पती उद्यानात बाकांवर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला. महिनाभरात ते शंभर जणींशी बोलले. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. आकाश मात्र कोसळले नाही, आणि त्यांची भीती गेली. ही हकिकत मी सांगते तेव्हा एक पुस्ती जोडते : एलिस प्रत्येकीशी एकदाच बोलले होते. एकदा ‘नाही’ म्हणालेल्या व्यक्तीच्या मागे लागणे म्हणजे धैर्य नव्हे, कारण नकार देणे हा तिचा अधिकार आहे.

त्या तरुणाच्या मनात आणखी एक वाक्य दडलेले होते : “त्यांनी मला निवडायलाच हवं होतं.” त्या जागी “निवडलं असतं तर फार बरं झालं असतं” हे वाक्य ठेवून पाहायला त्याला बरेच दिवस लागले. दुसऱ्या वाक्याने माणूस खिन्न होतो, पण अंथरुणातून उठतो. पहिले वाक्य त्याला उठूच देत नाही.

पत्रातले आणि मनातले वेगळे झाल्यावरच नकारातून काही शिकता येते, असे माझे ठाम मत आहे, कारण जो स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो त्याला आपले काम तपासायला उसंतच मिळत नाही. त्याने मुलाखत घेणाऱ्या काही जणांना नम्रपणे अभिप्राय विचारला. दोघांनी उत्तरे पाठवली आणि एकाने लिहिले की, प्रकल्पात तुमचा वाटा नेमका कोणता, ते शेवटपर्यंत कळले नाही. आम्ही सराव केला तेव्हा उलगडा झाला : तो प्रत्येक उत्तर “आम्ही केलं” असे देत होता. दोषाचे वाक्य लिहिताना ज्याने बेधडक ‘मी’ वापरला, त्याला श्रेयाच्या वेळी ‘मी’ म्हणता येत नव्हते. ही विसंगती मी त्याला दाखवली तेव्हा तो इतक्या आठवड्यांत प्रथमच हसला, आणि मीही मनातून सुखावले, हे नाकारत नाही.

वाचकांपैकी कुणाला हे आपलेच वाटत असेल, तर कागदाच्या एका बाजूला समोरच्याने उच्चारलेले नेमके शब्द लिहावेत आणि दुसऱ्या बाजूला आपण जोडलेले. मैत्री न बोलता तुटली असेल, तर पहिली बाजू कोरी राहील. तिथे “मला माहीत नाही” एवढेच लिहावे, कारण अंदाजाने तो रकाना भरण्याची सवयच अनेकदा घात करते. कधी पहिल्या बाजूला खरोखरच आपली उणीव लिहिलेली सापडते, आणि तेव्हा तिच्यावर काम करावे लागते. मात्र एका कामातली उणीव म्हणजे आख्खा माणूस नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप आणि भूक हरवली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर कागद-पेन्सिलीत वेळ न घालवता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगून डॉक्टरांकडे जावे.

बाराव्या मुलाखतीनंतरही नकारच आला. तो भेटीला आला तेव्हा मोबाईल सुलटा होता. “दोनच ओळी आहेत, मॅडम,” तो म्हणाला, “आणि मला वाईट वाटतंय.” आणखी एका अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, म्हणून त्या दिवशी तो दहा मिनिटे आधीच निघाला.