मुलगा 14 वर्षांचा आहे, क्रिकेटरच व्हायचं म्हणतो. खरे चान्स किती?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या अकॅडमीत कीपर-बॅट्समन आहे, आणि तिथले सर म्हणतायत की शाळा सोडून दहावी बाहेरून द्या, दिवसभर मैदानावर पाठवा. माझं सरळ मत: क्रिकेट खुशाल चालू ठेवा, शाळा सोडू नका. मी ऐरोलीत राहतो, कॉलेजात असताना क्लबकडून खेळलोय, आता नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी पोरांच्या मॅचला अंपायर म्हणून उभा असतो.

टॅलेंट नंतर बघू, आधी जागा मोजा. आयपीएलचे संघ 10, एका संघात जास्तीत जास्त 25 खेळाडू, त्यात 8 पर्यंत परदेशी. सगळा कोटा भरला तर अख्ख्या देशातल्या सगळ्या वयांच्या खेळाडूंना मिळून जागा उरतात 170. रणजीचे संघ 38 आहेत, पण ठाणे-नवी मुंबई मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतं, म्हणजे आपल्या पोरांना दार एकच, आणि त्याच दारात दादर-वांद्र्यापासून पालघरपर्यंतची पोरं उभी. त्यातून तुमचा कीपर! फास्ट बॉलर जखमी होतात, कोणाला तरी संधी मिळते. कीपर मात्र एकदा जम बसला की दहा-दहा वर्षं हलत नाही.

आणि गुणवत्ता असूनही जागा मिळत नाही, हे मुंबईकरांना कोणी सांगायला नको. अमोल मुझुमदारांनी रणजी पदार्पणातच 260 केल्या, प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा जमवल्या, आणि भारताकडून एकही मॅच खेळले नाहीत. 2025 मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर वर्ल्ड कप जिंकला तो महिला संघाचे कोच म्हणून.

आता ट्रायल्स. पाठीवर नंबर लावून पोरं रांगेत बसलेली, आईवडील जाळीबाहेर. बॅटिंगला नेटमध्ये काही मिनिटं, कीपरच्या वाट्याला तर चार-सहा कॅच आणि एखादं स्टम्पिंग. ठाण्याहून पहाटेच्या लोकलने लगेजच्या डब्यात किट घेऊन आलेलं पोर तेवढ्यात काय दाखवणार? म्हणून निवडीत मॅचमधल्या धावांना वजन असतं, आणि त्या शालेय क्रिकेटमध्ये होतात. 14 खालच्यांना गाइल्स शिल्ड, 16 खालच्यांना हॅरिस शिल्ड. तुमचे सर शाळा सोडायला सांगतायत म्हणजे नेमकं तेच दार बंद करायला सांगतायत. (अकॅडमीची दिवसभराची बॅच किती हजारांची आहे, तेही एकदा विचारा.)

एक गोष्ट पालक विसरतात. 14 व्या वर्षी ज्याला मिसरूड फुटलंय तो बाकीच्यांना सहज सिक्स मारतो. सतराव्या वर्षापर्यंत सगळे त्याच्या उंचीचे होतात. 16 खालच्या संघासाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात, त्यातही काही जण बाद होतात. तेव्हा आत्ताच्या शतकांवरून भविष्य ठरवू नका, उलट तुमचा मुलगा अंगाने लहान असेल तर आत्ताच्या शून्यांवरूनही नको.

पैशाचं म्हणाल, तर रणजीत अकरात असलेल्या नवख्याला दिवसाचे 40,000 मिळतात, म्हणजे चार दिवसांच्या मॅचला 1,60,000. त्याच्या खाली मात्र एकदम कोरडं. कांगा लीग, म्हणजे मुंबईच्या क्लबांची लीग, खेळून घर चालत नाही. पूर्वी टाइम्स शिल्ड खेळणाऱ्या कंपन्या आणि बँका चांगल्या क्लब खेळाडूला नोकरी द्यायच्या, ती भरती आता पार आटली. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तिथेही पदाला लागणारं शिक्षण हवंच.

मी तुमच्या जागी असतो तर सरांना विचारलं असतं, गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडची किती पोरं मुंबईच्या 16 खालच्या संघात खेळली, नावं सांगा. आणि फी वाढवण्याऐवजी हॅरिस शिल्ड नियमित खेळणाऱ्या शाळेत नववीचा प्रवेश मिळतो का, ते बघितलं असतं. प्रवेशाआधी त्या शाळेत मोठ्या वर्गात कीपर कोण आहे, तेवढं विचारून घ्या.