वाचकांचे प्रश्न : व्हॅन झो पोस्ट आणि 1904 ची तलवारबाजी

प्रश्न : अल्बर्टसन व्हॅन झो पोस्ट हा खेळाडू काही याद्यांमध्ये अमेरिकेचा दिसतो, तर काहींमध्ये क्युबाचा. खरे काय?

उत्तर : पोस्ट अमेरिकन. जन्म 1866, ओहायोतल्या सिनसिनाटीचा. घोळ झाला तो 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधल्या सांघिक फॉइलमुळे (फॉइल, एपी आणि सेबर हे तलवारबाजीचे तीन शस्त्रप्रकार). विजेत्या संघात तिघे होते. रामोन फोन्स्ट आणि मॅन्युएल दियाझ क्युबाचे, तिसरे पोस्ट. समोरचा संघ अमेरिकेचाच. म्हणजे पोस्ट यांनी सुवर्णपदक मिळवले ते स्वतःच्या देशबांधवांना हरवून! आज अशा निकालापुढे ‘मिश्र संघ’ असे लिहितात. जुन्या याद्या करणाऱ्यांनी मात्र पोस्ट यांना सरळ क्युबाच्या खात्यात टाकले. दुसरे अमेरिकन तलवारबाज चार्ल्स टॅथम यांचेही तेच झाले, आणि ते तर या लढतीत अमेरिकेच्या बाजूने उभे होते.

तुमच्या हातातली यादी कोणत्या पद्धतीची आहे, हे ओळखायची सोपी खूण सांगतो. क्युबाची पदके मोजा. 4 सुवर्ण, 2 रौप्य, 3 कांस्य अशी 9 भरली तर यादी जुन्या वळणाची. त्यातली दोन्ही रौप्ये आणि तिन्ही कांस्ये पोस्ट आणि टॅथम यांची आहेत. ती काढली की क्युबाकडे फोन्स्टची फॉइल आणि एपीतली, दियाझचे सेबरमधले आणि मिश्र संघाचे अशी सुवर्णपदके उरतात. गंमत अशी, की पोस्ट यांचे सिंगलस्टिकचे (काठीच्या लढतीचे) सुवर्ण या जुन्या याद्यांतही अमेरिकेकडेच होते. एकाच स्पर्धेत एकच माणूस दोन देशांचा!

पोस्ट यांची त्या वर्षीची एकूण पदके पाच : सिंगलस्टिक आणि सांघिक फॉइलमध्ये सुवर्ण, वैयक्तिक फॉइलमध्ये रौप्य, एपी आणि सेबरमध्ये कांस्य. आकडा भारदस्त आहे, पण खेळाडू किती होते तेही पाहावे. सिंगलस्टिकमध्ये अवघे तिघे उतरले होते.

प्रश्न : सिंगलस्टिक म्हणजे नेमके काय?

उत्तर : सेबरच्या सरावाची काठी. ॲश लाकडाची, साधारण 34 इंच लांब, मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळती. हात वाचावा म्हणून मुठीवर वेताची किंवा कातड्याची टोपली. फरी-गदगा (ढाल-काठीचा खेळ) पाहिलेल्यांना गदगा आठवेल, पण इथे दुसऱ्या हातात फरी नसते. लांबी जवळपास सेबरच्या पात्याइतकी असल्याने अंतराचा अंदाज तोच बसतो. वजनाचा तोल मात्र वेगळा, त्यामुळे मनगटाला काठीची सवय लागली की सेबरचे वार जड पडतात. काठी आधी रेषांच्या दिशेने चिरते. चिरलेली काठी वापरात ठेवू नये, तिच्या ढलप्या मुखवट्याच्या जाळीतून आत जाऊ शकतात. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार 1904 नंतर पुन्हा झाला नाही.

प्रश्न : आमच्या क्लबला स्पर्श नोंदवणाऱ्या विजेच्या यंत्राशिवाय जुन्या पद्धतीचा फॉइल सामना दाखवायचा आहे. पंचगिरी कशी करावी?

उत्तर : 1904 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमावलीच नव्हती, आंतरराष्ट्रीय महासंघ 1913 मध्ये स्थापन झाला. म्हणून पुढे रुळलेली, पाच जणांची पद्धत घ्या. एक मुख्य पंच आणि चार साहाय्यक.

मुख्य पंच पट्टीच्या (सामन्याच्या लांब, अरुंद जागेच्या) मध्यासमोर, थोडा लांब. प्रत्येक खेळाडूच्या किंचित मागे, पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक साहाय्यक. तो पाहतो ते समोरच्या खेळाडूचे अंग. ज्याच्या मागे उभा आहे त्याचे नव्हे. टोक लागलेले दिसले की हात वर. मुख्य पंच ‘थांबा’ म्हणतो, हल्ला कोणाचा, बचाव कोणाचा, प्रतिवार कोणाचा हे क्रमाने मांडतो आणि त्या बाजूच्या दोघांना एकेका कृतीबद्दल विचारतो. उत्तरे चारच : ‘हो’; ‘हो, पण धडाबाहेर’ (फॉइलमध्ये धडावरचाच स्पर्श धरतात); ‘नाही’; ‘सांगता येत नाही’. साहाय्यकाचे मत 1, मुख्य पंचाचे दीड. दोघे साहाय्यक एकमताचे असले तर 2 विरुद्ध दीड, मुख्य पंच हरतो. एक ‘हो’ आणि एक ‘नाही’ म्हणाला तर मुख्य पंचाचे मत चालते. तोही गप्प राहिला तर स्पर्श संशयित, गुण नाही.

बिघडते ते दोन ठिकाणी. खेळाडू पुढेमागे सरकतात आणि साहाय्यक जागेवरच खिळून राहतो. त्याने सोबत चालत राहायला हवे. दुसरे, नजर पात्यामागे धावते. पाते डोळ्यांना सापडतच नाही, जाकिटावर नजर ठेवा. पात्याचा वाक आणि कापडाची दबलेली जागा स्पर्श सांगते. एपीत यासाठी टोकाला बारीक तीन काटे लावत, ते कापडात अडकत. ऑलिंपिकमध्ये एपीला विजेचे यंत्र 1936 मध्ये आले, फॉइलला 1956 मध्ये.

प्रश्न : पोस्ट पुढे खेळले का?

उत्तर : हो, 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये, पण पदक नाही. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते. त्याच अमेरिकन चमूत ग्रॅम हॅमंड होते, 1891 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन हौशी तलवारबाज संघटनेचे पहिले अध्यक्ष, वय 54. त्यांच्या मानाने पोस्ट तरुणच.