वाचकांचे प्रश्न : जोडीदाराच्या व्हिसासाठी कोणता कागद कधी काढावा?

प्रश्न : मी जुळे सोलापूर भागात राहते. पुढील महिन्यात सोलापुरातच माझे लग्न आहे. होणारे पती ऑस्ट्रेलियाचे नागरिक असून मेलबर्नला नोकरी करतात आणि लग्नासाठी त्यांना तीनच आठवड्यांची रजा मिळाली आहे. नातेवाईक म्हणतात की पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला) आणि मेडिकल आताच करून ठेव, म्हणजे नंतर धावपळ नको. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. तो आधी बदलावा का? आणि लग्नानंतर आम्ही जेमतेम पंधरवडा एकत्र राहणार आहोत, एवढ्यावर आमचे लग्न खरे मानले जाईल का, याची आईला फार काळजी वाटते.

— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी आईंची काळजी दूर करतो. ऑस्ट्रेलियाच्या जोडीदार व्हिसात बारा महिने एकत्र राहिल्याची अट आहे, परंतु ती लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठी आहे. विवाहितांना ती लागू नाही. ठरवून केलेल्या लग्नात नवरा-बायको सुरुवातीला थोडे दिवस एकत्र राहतात आणि मग व्हिसा येईपर्यंत दूर असतात, हे अधिकाऱ्यांना नवे नाही. आपल्यासारख्या अर्जांना खरा त्रास होतो तो नावे आणि तारखा एका कागदावर एक व दुसऱ्यावर दुसरी असण्याचा, आणि म्हणून माझा सारा भर कागदांच्या क्रमावर आहे.

भारतात राहून अर्ज करणाऱ्या पत्नीला उपवर्ग ३०९ हा तात्पुरता आणि उपवर्ग १०० हा कायमचा, अशा दोन्ही व्हिसांसाठी एकाच वेळी आणि एकाच शुल्कात अर्ज करावा लागतो. अर्ज दाखल करताना आपण ऑस्ट्रेलियाबाहेर असायला हवे. कायमच्या व्हिसाचा विचार साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी होतो, म्हणजे ही दोन वर्षे आपण व्हिसा मिळाल्यापासून नव्हे, तर अर्ज भरल्यापासून मोजायची आहेत. शुल्क नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक आहे आणि अर्ज नामंजूर झाला तर ते सहसा परत मिळत नाही, त्यामुळे अर्धवट कागदांवर घाई करण्यात फायदा नाही. पण सगळे काही पूर्ण होण्याची वाट पाहत महिने घालवणेही तितकेच तोट्याचे आहे.

सर्वांत आधी, आणि पती सोलापुरात असतानाच, विवाह नोंदणी करून घ्या. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाप्रमाणे लग्नाची नोंदणी होते. त्यासाठी वधू, वर आणि तीन साक्षीदार निबंधकासमोर हजर राहावे लागतात, आणि लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी न केल्यास दंड भरावा लागतो. दंडाची रक्कम किरकोळ असते, तिची चिंता नको. अडचण येते ती अशी की पती एकदा मेलबर्नला परतले, की केवळ त्या एका हजेरीसाठी त्यांना पुन्हा रजा आणि पुन्हा विमानाचे तिकीट काढावे लागते. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातला दिवस आताच ठरवा, परगावचा साक्षीदार घेऊ नका, आणि पतीचा पासपोर्ट, त्यांचा भारतात येण्याचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड), लग्नपत्रिका, विधीचे फोटो व दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे लग्नाआधीच एका पिशवीत घालून ठेवा. पती परदेशी नागरिक असल्याने कार्यालयाला आणखी काही दाखला लागतो का, हेही वडिलांना पाठवून आत्ताच विचारून घ्या.

दाखला हातात आला की कार्यालयाचा उंबरठा ओलांडण्याआधी तो शब्दन्‌शब्द वाचा. आपल्याकडे पुरुषाचे नाव वडिलांच्या नावासह लिहिण्याची पद्धत आहे, पण ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर मधले नाव नसणे किंवा ते पहिल्या नावाला जोडून छापलेले असणे नेहमीचे आहे. पासपोर्टवर जे इंग्रजी स्पेलिंग आहे तेच दाखल्यावर हवे. एका अक्षराचा फरक त्याच दिवशी सांगितला तर सहज सुधारला जातो, चार महिन्यांनी त्यासाठी अर्ज आणि प्रतिज्ञापत्र करत बसावे लागते.

आता आपल्या स्वतःच्या नावाविषयी. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदललेच पाहिजे, असा कोणताही नियम नाही. आपल्याला ते बदलायचे नसेल तर माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर खुशाल अर्ज करा. बदलायचे असेल तर मात्र अर्ज भरण्यापूर्वी बदला, कारण व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो आणि अर्ज चालू असताना पासपोर्ट बदलला तर तो कळवून नवे कागद जोडावे लागतात. माझे मत विचाराल तर, आधार, पॅन, बँक आणि पदवी सगळे माहेरच्या नावाने असताना केवळ व्हिसासाठी नाव बदलण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र लपवू नका. लग्नात तांदळात नवे नाव लिहिले गेले, किंवा पत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ नंतर घरातले लाडके नाव छापले गेले, तर अर्जात ‘इतर नावे’ या प्रश्नाखाली ते अवश्य लिहा आणि ते कुठून आले ते निवेदनात एका वाक्यात सांगा. आपल्या घरात कुणाला त्याचे काही वाटत नाही, पण दुसऱ्या देशात बसून फाईल वाचणाऱ्याला पत्रिकेवरची वधू आणि पासपोर्टवरची वधू या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात.

नातेवाईकांचा सल्ला मी मुळीच मानणार नाही. पोलीस क्लिअरन्स आणि वैद्यकीय तपासणी या दोन्ही गोष्टी साधारण बारा महिनेच ग्राह्य धरल्या जातात, आणि या व्हिसाच्या कित्येक अर्जांना निर्णयासाठी वर्षाहून अधिक काळ लागतो. लग्नाआधी काढलेले कागद निर्णयाच्या सुमारास शिळे झालेले असतील आणि तोच खर्च पुन्हा करावा लागेल. अर्ज भरल्यावर आपल्या इमीअकाउंटमध्ये (ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा संकेतस्थळावरील आपल्या खात्यात) मेडिकलसाठी हॅप आयडी नावाचा क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावर, ऑस्ट्रेलियाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच तपासणी होते. सोलापुरातल्या ओळखीच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र, ते कितीही नामांकित असले तरी, चालत नाही. पोलीस क्लिअरन्स गेल्या दहा वर्षांत जिथे एकूण बारा महिने किंवा अधिक राहिलात अशा प्रत्येक देशाचे लागते. भारताचे क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मिळते आणि चौकशी आपल्या सध्याच्या पत्त्यावर होते. लग्नानंतर सासर बार्शी किंवा माढा तालुक्यात असेल आणि आधारवरचा पत्ता तिकडचा केला असेल, तर चौकशी शहर पोलीस आयुक्तालयाऐवजी ग्रामीण पोलिसांकडे जाते. म्हणून ज्या पत्त्यावर शिपाई आल्यावर आपण खरोखर भेटाल, तोच पत्ता द्या.

नाते खरे आहे हे ठरवताना ऑस्ट्रेलियाचे १९९४ चे नियम चार बाजू पाहायला सांगतात : आर्थिक व्यवहार, घरसंसार, समाजातील ओळख आणि एकमेकांशी असलेली बांधिलकी. आपल्या बाबतीत समाजातील ओळख भक्कम आहे. तीनशे माणसांच्या पंगतीचे लग्न हाच मोठा पुरावा असतो. मात्र हजार फोटो पाठवू नका. साखरपुडा, हळद, लग्न, सासरचे देवदर्शन आणि पती पुन्हा आले तर त्या भेटीचे, असे वेगवेगळ्या दिवसांचे वीस-पंचवीस फोटो निवडा, आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण व फोटोतल्या माणसांचे आपल्याशी नाते लिहा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर सासू-सासऱ्यांसोबत काढलेला एक साधा फोटो स्टुडिओतल्या पन्नास पोजपेक्षा अधिक बोलतो, कारण त्यात सून घरात मिसळलेली दिसते.

आर्थिक बाजू आपल्याकडे दुबळी असते आणि ती दाखवण्यापुरती फुगवू नये. अर्जाच्या आठवड्यात उघडलेले आणि नंतर कधी न वापरलेले संयुक्त खाते कुणालाही पटत नाही. त्यापेक्षा पती घरखर्चाला पाठवतात ते पैसे दर महिन्याला बँकेतूनच येऊ द्या, हातोहात घेऊ नका. विम्यात आणि भविष्यनिर्वाह निधीत एकमेकांची नावे वारस म्हणून लावा. घरसंसाराच्या बाजूला, सासरी राहणार असाल तर शिधापत्रिकेवर नाव चढवणे उपयोगी पडते. दूर असताना रोज बोलता, हे दाखवायला सगळे चॅट छापू नका. दर महिन्याची एक-दोन पाने पुरेत, तारखा दिसणारी, आणि मराठी मजकुराच्या इंग्रजी अनुवादासह. भारतात केलेल्या अनुवादावर अनुवादकाचे पूर्ण नाव, पत्ता, फोन, पात्रता आणि त्या भाषेचा अनुभव लिहिलेला हवा. सोलापुरात कित्येक घरांच्या पत्रिका तेलुगू किंवा कन्नडमध्ये असतात आणि निकाहनामा उर्दूत. त्यांनाही हेच लागू.

निवेदन दोघांनी स्वतंत्रपणे आणि आपापल्या शब्दांत लिहावे. मध्यस्थांनी स्थळ आणले, पत्रिका जुळली, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा भेटलो, मग चार महिने व्हिडिओवर बोलत होतो, हे जसे घडले तसेच लिहा. त्याला प्रेमकथेचा रंग देण्याची गरज नाही. फक्त पहिल्या भेटीची तारीख दोघांच्या निवेदनात एकच असू द्या. पतीच्या ओळखीचे जे ऑस्ट्रेलियन नागरिक आपल्या लग्नाला आले किंवा आपल्याशी बोलतात, त्यांच्याकडून फॉर्म ८८८ ची, म्हणजे आपले नाते खरे असल्याची साक्ष देणारी, दोन तरी निवेदने घ्यावीत.

शेवटची गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या अर्जात अर्जदार आपण आहात आणि पती प्रायोजक आहेत. इमीअकाउंटचा पासवर्ड, मूळ पासपोर्ट आणि भरलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्या स्वतःच्या हातात असावी. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, मग तो फॉर्म पतीने आणलेला असो की एजंटाने. पतीने यापूर्वी कुणाला जोडीदार म्हणून प्रायोजित केले आहे का, किंवा ते स्वतः अशाच व्हिसावर गेले आहेत का, हे लग्नाआधी मोकळेपणाने विचारा : एका व्यक्तीला सहसा आयुष्यात दोघांनाच प्रायोजित करता येते आणि दोन अर्जांमध्ये पाच वर्षांचे अंतर लागते. हा प्रश्न विचारण्यात अविश्वास नाही, आणि तो विचारण्याचा मान आपल्या वडिलांइतकाच आपलाही आहे.

प्रश्न : अक्कलकोटला आमच्या मुलीचा साखरपुडा झाला आहे. जावई ऑस्ट्रेलियन नागरिक आहेत. ते म्हणतात, आता रजिस्टर लग्न करू म्हणजे व्हिसाचे काम सुरू होईल, आणि अक्षता पुढच्या वर्षी टाकू. दुसरे एक गृहस्थ म्हणतात, साखरपुड्यावरच व्हिसा मिळतो. काय करावे?

— एक पिता, अक्कलकोट

उत्तर : साखरपुड्यावरचा व्हिसा आहे, तो उपवर्ग ३००. परंतु त्यात मुलीने लग्नाआधी ऑस्ट्रेलियात जाऊन पोहोचावे आणि व्हिसाच्या ९ ते १५ महिन्यांच्या मुदतीत लग्न करावे, अशी अट असते. आपल्याला अक्कलकोटला मांडव घालायचा असेल तर हा मार्ग सोयीचा नाही.

आधी नोंदणी, मग अक्षता, हा मार्ग योग्य आहे. मात्र तो पूर्ण समजून घ्यावा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकाचे नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवे, जे मुलीचे आहेच, आणि नोटिशीनंतर तीन महिन्यांत लग्न लागले नाही तर नोटीस नव्याने द्यावी लागते. जावयांची रजा या हिशेबाने ठरवा, आणि विवाह अधिकारी त्यांच्याकडे अविवाहित असल्याचा दाखला मागतील असे धरून तो ऑस्ट्रेलियातूनच आणायला सांगा.

त्या सहीच्या दिवशी मुलगी कायद्याने विवाहित होते, ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी मनापासून स्वीकारलेली असावी. पुढे अक्षतांच्या दिवसाची वेगळी नोंदणी करून दुसरा दाखला काढण्याचा मोह टाळा. दोन तारखांचे दोन दाखले म्हणजे अर्जात आपणच उभा केलेला विसंवाद होय. अर्जात नोंदणीची तारीख लिहावी, आणि धार्मिक सोहळा नंतर का ठेवला ते दोघांनी निवेदनात सांगावे. सोहळा झाल्यावर त्याचे फोटो आणि पत्रिका चालू अर्जाला जोडता येतात.

प्रश्न : जावई इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. त्यांनी तीन महिन्यांपूर्वी नोकरी बदलली. मुलीची टीबीची तपासणी आम्ही हौसेने आधीच करून ठेवली आहे. अर्ज आता करावा का?

— एक वाचक, बार्शी

उत्तर : ब्रिटनमध्ये प्रायोजकाचे उत्पन्न पाहतात आणि ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी किमान उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २९,००० पौंड आहे. एकाच मालकाकडे सहा महिने झाले असतील तर सहा महिन्यांच्या पगारपावत्या, त्याच महिन्यांचे बँक विवरण आणि मालकाचे पत्र पुरते. नोकरी बदलून सहा महिने झाले नसतील तर मागील बारा महिन्यांचे प्रत्यक्ष उत्पन्नही सिद्ध करावे लागते. जुन्या नोकरीच्या सर्व पावत्या जावयांकडे असतील आणि बेरीज बसत असेल तर आताही अर्ज करता येईल. नसतील तर आणखी तीन महिने थांबणे मी पसंत करीन. दोन्ही वेळी हे आर्थिक कागद अर्जाच्या तारखेपूर्वीच्या २८ दिवसांपर्यंतचे असावे लागतात, म्हणून बँक विवरण शेवटी काढावे.

टीबीचे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते आणि ते ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्राचेच हवे. आपले प्रमाणपत्र तशा केंद्राचे आहे का आणि त्यावर मुदतीची कोणती तारीख आहे, हे आधी पाहा. थांबण्याचा निर्णय घेतलात तर ती तपासणी बहुधा पुन्हा करावी लागेल. मधल्या काळात मुलीची ए१ या प्राथमिक पातळीची इंग्रजी परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रावर उरकून घ्या. तिची पदवी इंग्रजी माध्यमाची असेल तर परीक्षेऐवजी एक्टिस या संस्थेकडून तसे प्रमाणपत्र मिळवता येते, परंतु त्यालाही वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाकडून माध्यमाचा दाखला आजच मागवा.