थेट मुलाखतीला जाताना

अगं, जिल्हा परिषदेत एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी स्टाफ नर्सची थेट मुलाखत आहे म्हणतेस, तर आधी फाईल लाव. मुलाखत पाच मिनिटांची, कागदपत्रांची पडताळणी दोन तासांची. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय ना? अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची, दोन्ही तारखा हव्यात. माझ्या पहिल्या दाखल्यावर ‘सुमारे दोन वर्षे’ असं होतं. पडताळणीच्या टेबलावरच्या बाईंनी ‘सुमारे’खाली लाल रेघ ओढली, अनुभवाचे गुण गेले.

आत ‘स्वतःबद्दल सांगा’मध्ये फार रमू नकोस. ते कामाचंच विचारतात. गोवर-रुबेलाच्या लशीचा पहिला डोस कधी? 9 महिने पूर्ण झाल्यावर; दुसरा 16 ते 24 महिन्यांत. आयएलआरचं, म्हणजे लशी ठेवायच्या फ्रिजचं तापमान? 2 ते 8 अंश. बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लशीची कुपी द्रावण घालून तयार केली की किती तास चालते? 4, मग उरलेली टाकायची. कुपीवर वेळ लिहिते हेही सांग, तेवढ्यावरून कळतं की हिने हाताने काम केलंय. येत नसेल तर सरळ ‘आठवत नाही, सर’ म्हण, ठोकून देऊ नकोस.

मानधन जाहिरातीतच ठरलेलं असतं, तिथे घासाघीस नाही. ‘कायम कधी करणार?’ हे तर मुळीच काढू नकोस. समोरच्यांच्याही हातात ते नसतं. आणि झेरॉक्सवरच्या सह्या घरूनच करून ने. रांगेत उभ्याउभ्या गुडघ्यावर फाईल ठेवून करताना माझी मूळ गुणपत्रिका चहात पडली होती.